अकूस्टिक न्यूरोमाचं ऑपरेशन झाल्यावर डोळा आणि तोल कसा सांभाळायचा

अकूस्टिक न्यूरोमा म्हणजे कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या ऐकण्या-तोलाच्या नसेवरची गाठ. माझी ती गाठ निघाली, रिपोर्टमध्ये साधी आली, कॅन्सर नाही म्हणाले, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि आठव्या दिवशी आम्ही पुण्याहून कराडला घरी आलो. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली शेवटची ओळ होती, "आय केअर, वेस्टिब्युलर एक्सरसाइज", म्हणजे डोळ्याची काळजी आणि तोलाचे व्यायाम. बस एवढंच. पुढचे सहा महिने आम्ही त्या एका ओळीचा अर्थ लावत होतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, म्हणजे तुमच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल किंवा व्हायचं असेल तर निदान आमच्यासारखं चाचपडायला नको.

माझी गाठ उजव्या बाजूला होती, २.८ सेंटीमीटर, ऑपरेशन जानेवारी २०२२ मध्ये झालं. उजव्या कानाचं ऐकू येणं गेलं, चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली, उजवा डोळा मिटेना आणि उभं राहिलं की जमीन होडीसारखी हलायची. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. खाली लिहिलंय ते मी स्वतः केलेलं आणि माझ्या डॉक्टरांना, फिजिओला पुन्हा पुन्हा विचारून घेतलेलं आहे, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डोळा आणि तोल ही दोन वेगळी दुखणी समजू नका. आपला तोल तीन गोष्टींवर चालतो, दोन्ही कानांतली आतली यंत्रणा, डोळे, आणि तळपायांना-सांध्यांना लागणारी जमीन. ऑपरेशनमध्ये एका कानाची तोलाची नस जाते, कारण गाठ त्याच नसेवर असते. मग मेंदू डोळ्यांवर जास्त भार टाकतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपला एक डोळा उघडा, कोरडा, मलमाने भरलेला असतो. त्यामुळे डोळ्यासाठी जे काही कराल त्याचा परिणाम चालण्यावर होतो. मला हे पडल्यावर कळलं, ते पुढे सांगते.

१. हॉस्पिटल सोडायच्या आधी हे प्रश्न विचारा

राउंडला डॉक्टर दोन मिनिटं येतात आणि आपल्याला त्या वेळी काही सुचत नाही, म्हणून कागदावर लिहून ठेवा आणि घरच्या माणसाला विचारायला सांगा.

चेहऱ्याची नस शाबूत आहे का, की कापावी लागली? ऑपरेशन संपताना नसेला करंट देऊन बघतात, तेव्हा प्रतिसाद आला होता का? हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण शाबूत पण ताणलेली नस हळूहळू परत येते आणि कापलेली असेल तर पुढचा मार्गच वेगळा असतो. चेहऱ्याची ग्रेड कितवी आहे? हाऊस-ब्रॅकमन नावाची १ ते ६ अशी मोजणी असते, १ म्हणजे नॉर्मल आणि ६ म्हणजे अजिबात हालचाल नाही. माझी घरी येताना ५ होती. डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श कळतो का? गाठ मोठी असेल तर शेजारची, चेहऱ्याचा आणि डोळ्याचा स्पर्श कळवणारी पाचवी नसही दाबली जाते आणि डोळ्यात काही गेलेलं कळतच नाही. डोळा मिटायचा प्रयत्न केला की बुबुळ वर पापणीखाली जातं का? जात असेल तर झोपेत थोडं संरक्षण मिळतं, जात नसेल तर दुप्पट काळजी घ्यावी लागते.

आणि एक, ऑपरेशननंतर चेहरा चांगला असूनही काही दिवसांनी, कधी दुसऱ्या आठवड्यात, अचानक वाकडा होऊ शकतो. हे बहुतेक वेळा नसेच्या सुजेने होतं आणि सहसा चांगलं भरून येतं, पण लगेच सर्जनना फोन करायचा, "बघू दोन दिवस" असं नाही.

बरोबर आणायचे कागद: डिस्चार्ज समरी, ऑपरेशन नोट (ही मागितल्याशिवाय बऱ्याचदा देत नाहीत), बायोप्सीचा रिपोर्ट, आधीचा आणि नंतरचा एमआरआय सीडीसकट, ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, आणि डोळ्याच्या डॉक्टरांसाठी वेगळी चिठ्ठी. मेडिक्लेम असेल तर थेंब, मलम, फिजिओ या सगळ्यांची बिलं प्रिस्क्रिप्शनसकट जपा, बऱ्याच पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवस, ६० किंवा ९० वगैरे, हा खर्च मिळतो. आम्ही पहिल्या महिन्याची बिलं टाकून दिली होती.

२. डोळा का मिटत नाही, थोडक्यात

पापणी उघडणारी नस वेगळी आणि मिटणारी वेगळी. मिटणारी म्हणजे चेहऱ्याची सातवी नस, ती या गाठीला चिकटून, कधी कागदासारखी पातळ पसरून गेलेली असते. ती दुखावली की डोळा उघडतो पण मिटत नाही. त्याच वाटेने अश्रू तयार करायचा निरोपही जातो, म्हणून डोळा उघडाही राहतो आणि कोरडाही पडतो. मला हे कांदा चिरताना समजलं. डावा डोळा नेहमीसारखा गळत होता, गालावरून पाणी वाहत होतं आणि उजवा तसाच कोरडा ठणठणीत, जणू त्या डोळ्याला कांदा चिरलेला माहितीच नाही.

उलटही होतं बरं का. खालची पापणी सैल पडल्याने काहींच्या डोळ्यातून पाणी सारखं बाहेर ओघळतं, मग लोक म्हणतात पाणी येतंय म्हणजे थेंब कशाला. तरीही थेंब लागतात, कारण ते पाणी बुबुळावर पसरतच नाही. पसरवायचं काम पापणीचं.

३. दिवसाचे थेंब

मला जागेपणी दर तासाला एक थेंब सांगितला होता, नंतर दोन तासांवर आणला. हे लुब्रिकंटचे, म्हणजे डोळ्यात ओल टिकवणारे थेंब, मेडिकलवाल्याला कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज म्हटलं की कळतं. इतक्या वेळा घालायचे असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा, कारण दिवसातून १०-१२ वेळा प्रिझर्वेटिव्ह गेलं तर त्यानेच डोळा चुरचुरतो. महाग पडतात, पण पहिले दोन-तीन महिने इथे काटकसर करू नका. साध्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा, महिना झाला की टाकून द्या.

फोनवर तासाचा अलार्म लावा. ठरवलेलं असतं हो, पण विसरायला होतं, कारण डोळ्याला बधिरपणा असेल तर आठवण करून द्यायला दुखतही नाही.

थेंबांच्या मध्ये पापणी हाताने मिटायची. हात साबणाने धुऊन तर्जनीची मागची बाजू वरच्या पापणीवर ठेवायची, अलगद खाली आणायची, दोन सेकंद धरायची, सोडायची. टोकाने नाही, नखाने तर अजिबात नाही. वर्गात मुलं लिहीत असली की मी खिडकीकडे तोंड करून हे करायचे.

पंखा, कूलर, एसी यांचा वारा तोंडावर घेऊ नका, पलंगाची जागा बदला. घरात साधा कडेने झाकणारा गॉगल किंवा चक्क पोहायचा चष्मा त्या बाजूला लावला तरी आत ओल टिकते, मी फोडणी देताना आणि कपाट झाडताना तोच लावायचे. अंघोळीत साबण आणि शिकेकाई जपून, बधिर डोळ्यात साबण गेला तर झोंबत नाही, म्हणून धुतलाही जात नाही.

इथला सापळा: घरगुती उपाय. माझ्याकडे बघायला आलेल्या माणसांनी मध, गाईचं तूप, गुलाबपाणी, एकीने तर कापूर घातलेलं काजळ सुचवलं, सगळं मायेनेच, "अर्धांग मारलंय, लवकर उतरेल" म्हणून. हे अर्धांग नाही, आणि उघड्या बुबुळावर यातलं काहीही घालायचं नाही. दुसरा सापळा मेडिकलचा. डोळा लाल आहे म्हटलं की काउंटरवरून स्टेरॉइड असलेले थेंब मिळतात, एका दिवसात लाली जाते आणि आत जखम असली तर ती वाढत जाते. डोळ्याच्या डॉक्टरने तपासल्याशिवाय तसले थेंब घेऊ नका.

४. रात्रीची पट्टी

हे मी सगळ्यात जास्त वेळ चुकीचं केलं, म्हणून सावकाश सांगते.

लागणाऱ्या वस्तू: लुब्रिकंट मलम, अर्धा इंची कागदी चिकटपट्टी (मायक्रोपोर म्हणतात ती), छोटी कात्री, आरसा, बॅटरी. सगळं एका डब्यात उशाशी.

आधी संडास-बाथरूम, पाणी, गोळ्या, फोन चार्जिंग, सगळं उरकून घ्या. मलम घातलं की तो डोळा धूसर होतो, म्हणून मलम अगदी शेवटी, पलंगावर बसून. खालची पापणी ओढून आत साधारण तांदळाच्या दोन दाण्यांएवढी मलमाची रेघ सोडायची. मग खाली बघायचं, बोटाच्या मागच्या बाजूने वरची पापणी खाली आणून पूर्ण मिटायची आणि बाहेरच्या बाजूला थोडी ताणून पट्टी आडवी लावायची, नाकाकडून कानशिलाकडे. पापणीला मलम लागलेलं असेल तर पट्टी चिकटत नाही, आधी कापसाने बाहेरची कातडी कोरडी करून घ्या. पापण्यांचे केस आत वळलेले नकोत. खालची पापणी लोंबत असेल तर तिला दुसरी पट्टी, वर आणि कानशिलाकडे उचलून.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या कुणाला तरी बॅटरीने बघायला सांगा की पट्टीखाली डोळा खरंच मिटलाय का. थोडी जरी पांढरी फट दिसली तर काढून परत लावा. पट्टीखाली डोळा उघडला तर पट्टीच रात्रभर बुबुळावर घासते आणि न लावलेली बरी अशी अवस्था होते. याच कारणाने उघड्या डोळ्यावर नुसतं गॉज ठेवून पॅड बांधायचं नाही. मला हॉस्पिटलमध्येच दुसऱ्या रात्री कुणीतरी तसं बांधलं होतं, डोळा आत अर्धा उघडा, सकाळी बुबुळावर ओरखडा. त्या वेळी आम्हाला माहिती नव्हतं म्हणून आम्हीही काही बोललो नाही, तुम्ही बोला.

पट्टीने कातडी सोलवटत असेल तर मलम घालून वरून स्वयंपाकघरातला पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद डोळ्याच्या खोबणीभोवती कडेने चिकटवता येतो, डोळ्याला न टेकता. आत दमट राहतं. डॉक्टरांना दाखवून मग करा.

५. रोज सकाळी फोटो काढा

उठल्यावर पट्टी ओल्या कापसाने भिजवून काढली की खिडकीपाशी दोन्ही डोळ्यांचा एक फोटो. रोज एकाच जागी. कालपेक्षा आज लाल आहे का हे आठवणीवर सांगता येत नाही, फोटोत दिसतं, आणि डोळ्याच्या डॉक्टरांना फोनवर पाठवताही येतं.

पुढच्यापैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर, रविवार असला तरी: लाली वाढत जाणं, बुबुळावर पांढरा ठिपका, उजेड सहन न होणं, पू, थेंब घालून पुसूनही न जाणारं धूसर दिसणं. दुखलं तर जायचंच, पण ते या यादीत मुद्दाम लिहिलं नाही, कारण पाचवी नस बधिर असेल तर बुबुळावर जखम (अल्सर) होऊनही दुखत नाही. "दुखत नाही म्हणजे ठीक आहे" हे या डोळ्याला लागूच पडत नाही.

तपासताना ते एक केशरी रंगाची पट्टी डोळ्याला लावतात आणि निळ्या उजेडात बघतात, जिथे खरचटलंय तिथे हिरवं चमकतं. ही तपासणी केली का हे विचारा. जमलं तर कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे तज्ज्ञ गाठा, नंबर काढून देणारं चष्म्याचं दुकान इथे उपयोगाचं नाही.

६. पहिला आठवडा, जमीन हलते तेव्हा

एका बाजूचा संदेश एकदम बंद झाला की मेंदूला वाटतं आपण गोल फिरतोय, म्हणून उलट्या, गरगर, आणि डोळे आपोआप एका बाजूला झटके देतात. गंमत म्हणजे ज्यांची गाठ मोठी आणि जुनी असते त्यांची ती नस आधीच बरीचशी मेलेली असते, मेंदूने सवय करून घेतलेली असते, त्यांना हा त्रास कधी कधी कमी होतो. छोटी गाठ, ऑपरेशनआधी तोल ठीक, अशांना गरगर जास्त, हे ऐकून घाबरू नका. मात्र मोठ्या गाठीने लहान मेंदूही दाबला गेला असेल तर हातपाय डगमगणं वेगळं आणि जास्त दिवस चालतं.

गरगरताना समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्याकडे, स्विचकडे बघत राहायचं. कुशीवर वळताना आधी डोळे, मग मान, मग अंग. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसवतात, मग उभं करतात, नको वाटतं पण करा. आडवं पडून राहिलं की बरं वाटतं, पण मेंदूला नवीन हिशोब शिकायला हालचालच लागते. याच कारणाने चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या काही दिवसांपुरत्या ठीक, त्या महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूचं शिकणं लांबतं. माझी गोळी कुणी बंद करायला सांगितलंच नव्हतं, दीड महिना चालू होती, फिजिओने विचारलं तेव्हा सर्जनना फोन करून बंद केली. तुम्ही आधीच विचारा, किती दिवस आणि कधी थांबवायची.

तोलाशी संबंध नसलेली पण इथेच सांगायला हवी अशी गोष्ट: नाकातून पाण्यासारखं स्वच्छ गळणं, वाकल्यावर वाढणं, घशात खारट चव, टाक्यातून ओल, जोरात डोकेदुखी, ताप, मान आखडणं. मेंदूभोवतालचं पाणी गळत असू शकतं, वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. म्हणून सुरुवातीला जड उचलू नका, कुंथू नका, बद्धकोष्ठाचं औषध मागून घ्या, आणि पाया पडायला वाकू नका, मोठी माणसं समजून घेतात.

७. घर आधी तयार करा

घरी आल्यावर पाचव्या रात्री मी मलम घातलं, पट्टी लावली, दिवा घालवला आणि मग लघवीला लागली. ह्यांना उठवायचं जीवावर आलं. एक डोळा बंद, अंधार, पायाखाली गोधडीचं टोक, आणि कपाटाकडे हात केला तर कपाट होतं त्यापेक्षा वीतभर लांब. पडले, कोपर फुटलं, नशिबाने डोकं पलंगाच्या गादीवर आलं. दुसऱ्या दिवशी माझी लेक पलंगापासून संडासापर्यंत गुडघ्यावर रांगत गेली आणि हाताला लागेल ते सगळं उचललं.

तर: पलंग ते संडास वाटेत रात्रभर दिवा चालू. पायपुसणी, चटया, वायरी उचला. संडासात आणि बाथरूममध्ये भिंतीत पक्का बार, टॉवेलच्या दांड्याला धरू नका, तो सुटतो. अंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, आणि डोक्यावरून पाणी घेताना दोन्ही डोळे एकदम मिटले की तोल जातो, म्हणून एक हात बारवर किंवा डोकं कुणीतरी धुऊन द्यावं. देशी संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची भाड्यानेही मिळते. घरात अनवाणी किंवा घट्ट बसणारी सपाट चप्पल, मऊ जाड स्लीपर नको, तळव्याला जमीन कळली पाहिजे. पहिला महिना रात्री उठताना माणसाला उठवा, त्यात लाज कसली.

८. नजरेचे आणि तोलाचे व्यायाम

वेस्टिब्युलर फिजिओ करणारा माणूस शोधा. कराडात मला नाही मिळाला, महिन्यातून एकदा पुण्याला दाखवायचं आणि बाकी व्हिडिओ कॉलवर. जमलं नाही तरी मूळ व्यायाम साधे आहेत, पण सुरू कधी करायचे हे सर्जनना विचारूनच.

पहिला, नजर धरायचा. भिंतीवर डोळ्याच्या उंचीवर एका कागदावर मोठं "अ" लिहून चिकटवा, हातभर अंतरावर बसा, नजर अक्षरावर ठेवून मान डावी-उजवी हलवा, "नाही नाही" म्हणतो तशी. अक्षर धूसर व्हायला लागेल इतका वेग नको, त्याच्या जरासा आत. सुरुवातीला मला १५ सेकंदही झेपत नव्हतं, मग एक मिनिटापर्यंत नेलं. नंतर मान वर-खाली, "हो हो" सारखी. दिवसातून तीन-चार वेळा. बसून जमलं की उभं राहून, मग चालत. हे करायच्या आधी थेंब घाला, मलम नाही. कोरड्या किंवा धूसर डोळ्याने केलं तर अक्षर हलतंय की डोळा खराब दिसतोय हेच कळत नाही, आणि मी पहिले दोन आठवडे सकाळी रात्रीचं मलम न पुसता करत होते, प्रगती शून्य. मलम निघून नजर साफ झाल्यावर, साधारण चहानंतर, करायला लागले आणि आठवड्यात फरक पडला.

दुसरा, उभं राहायचा. कोपऱ्यात पाठ करून, समोर खुर्ची. पाय जुळवून ३० सेकंद, मग एका पायाच्या पुढे दुसरा, मग दुमडलेल्या गोधडीवर, आणि शेवटी शेवटी डोळे मिटून. हा शेवटचा एकट्याने कधीच नाही.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात गुणकारी, चालणं. घरातल्या घरात १० मिनिटं, दिवसातून तीनदा, मग गॅलरी, मग बाहेर. चालताना मान वळवून उजवीकडचं कॅलेंडर बघायचं, डावीकडचं घड्याळ बघायचं.

व्यायाम केल्यावर थोडं गरगरणं अपेक्षित आहे, १५-२० मिनिटांत शांत झालं पाहिजे. तास-दोन तास टिकत असेल तर जास्त झालं, कमी करा. बहुतेकांना दीड ते तीन महिन्यांत रोजचं जगणं जमायला लागतं, वय जास्त किंवा गाठ मोठी असेल तर अजून वेळ लागतो. आणि मध्येच ताप, जागरण, मोठा प्रवास झाला की जुनं गरगरणं दोन-चार दिवस परत येतं. गाठ परत आली असं वाटून मी एकदा रात्रभर रडले होते. विश्रांती घेतली, व्यायाम चालू ठेवले की जातं. जात नसेल तर मात्र दाखवा.

९. बाहेर पडताना

अंधार, खडबडीत रस्ता, वाळू, सरकता जिना, मॉलमधल्या रांगा, गर्दी, हे सगळं उशिरा जमतं. चालताना समोरचं दुकान वर-खाली उडताना दिसतं, त्याला घाबरू नका, थांबा, लांबच्या एका पाटीवर नजर लावा, मग निघा.

एका कानाने हॉर्न कुठून आला हे कळत नाही, आवाज सगळा चांगल्या कानाच्या बाजूनेच आल्यासारखा वाटतो. म्हणून रस्ता ओलांडताना कानावर नाही, मान वळवून बघण्यावर भरोसा, आणि मान वळवल्यावर क्षणभर थांबून मगच पाऊल. बरोबरच्या माणसाने कुठल्या बाजूला चालावं यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. आम्ही ठरवलं ते असं, रस्त्यावर बहिऱ्या बाजूला दंड धरून, तेव्हा गप्पा बंद. बागेत, घरात चांगल्या कानाच्या बाजूला, तेव्हा गप्पा.

हातात काठी किंवा छत्री ठेवायला संकोचू नका, लोकांनाही कळतं की जरा जपून जावं. दुचाकीवर मागे बसतानाही कडेने बंद गॉगल आणि काच असलेलं हेल्मेट, वारा आणि धूळ थेट बुबुळावर येते. स्वतः चालवायचं तर सर्जन, डोळ्याचे डॉक्टर दोघांनी हो म्हटल्यावर. पोहणं येत असेल तरी एकट्याने पाण्यात नाही, पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हे कानच सांगतो. धुळवडीला त्या वर्षी मी घरातच थांबले.

१०. चेहऱ्याचा व्यायाम, घाई नको

नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर या गतीने वाढते असं म्हणतात, म्हणून महिने लागतात. माझ्या गालाला पहिली हालचाल पाचव्या महिन्यात दिसली. वर्ष-दीड वर्ष सुधारणा होत राहते.

गावातल्या एका ठिकाणी मला पहिल्याच दिवशी चेहऱ्याला करंटची मशीन लावायला घेतली होती आणि जोरजोरात तोंड वाकडं करायला, फुगे फुगवायला सांगितलं होतं. माझ्या सर्जननी दोन्ही थांबवायला सांगितलं. चेहऱ्याच्या पुनर्वसनात काम करणारे बरेच जण यापासून लांबच राहायला सांगतात, कारण जोर लावला की सगळे स्नायू एकदम ओढले जातात आणि नस परत येताना चुकीच्या जोडण्या पक्क्या होण्याची भीती असते, म्हणजे हसलं की डोळा मिटतो, डोळा मिटला की ओठ ओढला जातो. आरशासमोर हळू, छोट्या, दोन्ही बाजू सारख्या ठेवून केलेल्या हालचाली, बास.

नस कापलेली असेल किंवा बराच काळ जाऊनही काहीच हालचाल नसेल तर जिभेच्या नसेची चेहऱ्याच्या नसेला जोडणी वगैरे ऑपरेशनं असतात. ती फार उशिरा करून चालत नाही, स्नायू वाळत जातात. त्यामुळे "वाट बघा" किती महिने, हा प्रश्न तारखेसकट विचारा.

११. थेंब-पट्टीने भागत नसेल तर

चौथ्या आठवड्यात माझ्या बुबुळावर परत खरचटलं, तेव्हा डॉक्टरांनी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला वरची-खालची पापणी टाक्याने थोडी जोडली. मी आधी नाही म्हणाले, डोळा बारीक दिसेल म्हणून. ऐकलं ते बरं झालं, आठ दिवसांत डोळ्याची लाली गेली, आणि तो टाका नंतर सोडवता येतो. त्याने समोरचं थोडंच झाकलं जातं, पण कडेचं दिसणं कमी होतं, म्हणून त्या आठवड्यात जिना उतरताना कठडा सोडू नका आणि तोलाचे व्यायाम परत बसून सुरू करा.

जास्त काळ लागणार असेल तर वरच्या पापणीत सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा छोटा तुकडा बसवतात, एक ग्रॅमच्या आसपास, त्याच्या वजनाने पापणी खाली येते. नस परत आली की काढता येतो. हे धातू लोहचुंबकाला ओढले जात नाहीत, पण एमआरआयच्या आधी तिथल्या टेक्निशियनला सांगायचंच. एक लक्षात ठेवा, वजन बसल्या-उभ्याने काम करतं, उताणं झोपल्यावर नाही, म्हणून रात्रीचं मलम चालूच राहतं. बधिर, न भरणाऱ्या डोळ्यासाठी स्क्लेरल लेन्सही असते, पांढऱ्या भागावर टेकणारी, आत पाणी धरून ठेवणारी.

१२. सहा महिन्यांनंतर

डोळा मिटायला लागला की थेंब एकदम बंद करू नका. आधी आरशात हलका मिटून बघा, जोर लावून नाही, झोपेत तेवढाच मिटतो. घरच्यांना रात्री बॅटरी लांबून धरून बघायला सांगा, फट दिसते तोवर मलम.

जेवताना त्या डोळ्यातून पाणी यायला लागलं तर घाबरू नका, लाळेचा निरोप वाट चुकून अश्रूंकडे जातो. माझं आठव्या महिन्यात सुरू झालं, पिठलं-भाकरी खाताना, आणि आई विचारत राहिली काय झालं, का रडतेस. फार त्रास होत असेल तर त्यावर इंजेक्शनचा उपाय आहे.

चष्म्याचा नंबर बुबुळावरचं खरचटलेलं पूर्ण भरल्याशिवाय काढू नका, कोरड्या डोळ्याचा नंबर दर आठवड्याला बदलतो. आणि नवा चष्मा केलात तर प्रोग्रेसिव्ह नको, खालच्या भागातून पायरी धूसर दिसते आणि तोल अजून कच्चा असतो. चालायला एक, वाचायला एक, असे दोन वेगळे घ्या. चालायचा चष्मा घालून घरातला जिना कठडा धरून चार वेळा चढा-उतरा, मगच तो घालून बाहेर जा.